वर्गात मुली किती?

आमच्या गोव्यातल्या कॉलेजच्या हजेरीपटावर आधी मुलींची नावं येतात, मग मुलग्यांची. ही पद्धत कोणी पाडली कोण जाणे, मी नोकरीला लागले तेव्हापासून असंच आहे. यंदा पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राची हजेरी घेताना माझा आवाज बेचाळीस नावांपर्यंत एका सुरात जातो आणि त्रेचाळिसाव्याला थोडा अडतो, कारण तिथे मुलगे सुरू होतात. त्रेचाळीस ते एकोणपन्नास. सात जण. शेवटच्या दोन बाकांवर दाटीवाटीने बसतात, पुढे अख्खे बाक रिकामे असले तरी.

जूनमध्ये ते सोळा होते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या लागतात तसे हे बाक गळत जातात. एक दिवस जागा रिकामी दिसते, मी वर बघते, आणि कोणीतरी मुलगी बसल्या जागेवरून सांगते, "मिस, त्याला फर्मागुडीला इंजिनिअरिंगची सीट मिळाली." दुसऱ्या फेरीनंतर आणखी दोघे. मग एखादा हॉटेल मॅनेजमेंटला, एखादा मर्चंट नेव्हीच्या कोर्सला. गणेश चवथीची सुट्टी संपवून कॉलेज उघडलं की जे उरतात तेच खरे आमचे. आमच्याकडचा प्रवेश म्हणजे मुलग्यांसाठी रेल्वेच्या वेटिंग रूमचा बाक आहे, आणि हे त्यांच्या आईवडिलांनी मला तोंडावर सांगितलेलं आहे. फी भरताना विचारतात, "गेला तर पैसे परत मिळतात ना?"

मुलींपैकी क्वचित कोणी जाते. कॉलेजच्या थांब्यावर कदंबा बस थांबली की कंडक्टर ओरडतो, "चेडवांचो स्टॉप!" (मुलींचा थांबा) आणि बस निम्मी रिकामी होते.

तरीही सी.आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी, दर वर्षी मुलगाच होतो. एकोणपन्नासांतले बेचाळीस हात ज्याच्यासाठी वर जातात तो सातांतला एक असतो. मी एकदा न राहवून कारण विचारलं. दुसऱ्या बाकावरची एक म्हणाली, "मिस, सी.आर.ला ऑफिसात जावं लागतं, सारखं या सरांकडे त्या सरांकडे पळावं लागतं. आम्हाला जर्नल पुरी करायची असतात." उत्तर इतकं व्यवहारी होतं की मी खडू उचलला आणि पुढचं समीकरण लिहायला घेतलं.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून. बाहेरून पाहुणे येतात, समोर पसरलेल्या ओढण्या बघून खूश होतात आणि भाषणाची सुरुवात ठरलेली असते: मुलींनी विज्ञान जिंकलं. त्या दिवशी मी पहिल्या वर्षाला एक गोष्ट सांगते. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेली कमला भागवत बंगळूरला संशोधनासाठी गेली, तेव्हा याच रामनांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. शेवटी वर्षभर पारखून घेऊ, मग बघू, अशा अटीवर तिला आत घेतलं. पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतलेल्या त्या कमलाबाई सोहोनी. मुली गोष्ट मन लावून ऐकतात, पण त्यांना ती आजीच्या काळातल्या सोवळ्याओवळ्यासारखी वाटते. त्यांना कोणी दारात अडवलेलं नाही. उलट हात धरून आणून बसवलंय.

आकडेही पाहुण्यांच्याच बाजूचे आहेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ साली विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख, मुलगे २७.४ लाख. म्हणजे हा काही एकट्या गोव्याचा चमत्कार नव्हे. पण त्याच देशात इंजिनिअरिंगला दहांत जेमतेम तीन मुली. आय.आय.टी.त तर २०१८ पासून मुलींसाठी जागा वाढवाव्या लागल्या, आधी १४ टक्क्यांपर्यंत, मग १७, मग २०. आमची आय.आय.टी. २०१६ पासून फर्मागुडीच्या टेकडीवर इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारातच भरते. तिथे मुली वाढाव्यात म्हणून वेगळ्या जागा काढायच्या आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर ताळगावच्या पठारावर विद्यापीठाच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सिलिंडर हलवायला मुलगा शोधायचा. (सिलिंडर मुलींनाही हलवता येतो, ट्रॉली असते. पण हाक मुलग्यालाच जाते.)

हे असं का, याचं उत्तर मला कुठल्या अहवालात मिळालं नाही. ते आमच्या घरच्या सोप्यावर मिळालं, आणि त्यासाठी खाणी बंद पडाव्या लागल्या.

माझं माहेर डिचोली तालुक्यात. बाबांनी कर्ज काढून टिपर घेतला तेव्हा मी हायस्कूलला होते. आमच्या भागात तेव्हा ज्याच्या दारात ट्रक तो सुखी, असा हिशेब. खाणीतून लोहखनिज भरायचं, जेटीवर ओतायचं, परत फिरायचं. दिवसाच्या जितक्या खेपा तितके पैसे. रस्ते, झाडं, वाळत घातलेले कपडे, सगळं तांबडं. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गणितात माझ्यापेक्षा हुशार, हे मी आता म्हणू शकते, तेव्हा म्हटलं नसतं. बारावी झाला आणि दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरच्या सीटवर बसला. कोणी जबरदस्ती केली नाही. ड्रायव्हरचा पगार वाचत होता आणि घरात हाताशी आलेला मुलगा होता, एवढंच. चर्चासुद्धा झाली नाही.

दोन वर्षांनी माझी बारावी झाली, तेव्हाही चर्चा झाली नाही. मला बी.एस्सी.ला घातलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, तोही मला नाही, शेजारच्या वहिनींना, ज्यांची बहीण त्याच कॉलेजात होती: "वर्गात मुली किती?" पुष्कळ आहेत म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. इंजिनिअरिंगचा विषय निघाला नाही. हॉस्टेल, चार वर्षं, आणि वर्गात पाच-सहा मुली. त्या प्रश्नाचं तिथलं उत्तर वाईट होतं.

पुढे मी एम.एस्सी. केली आणि लेक्चर बेसिसवर शिकवायला लागले. गोव्यातल्या मास्तरणींना हा शब्द समजावून सांगायला नको. तासावर पैसे, सुट्टीत शून्य, दर जूनमध्ये नव्याने मुलाखत. नंतरच्या वर्षांत, चीनला खनिज जात होतं त्या काळात, दादा एका दिवसात जेवढं घरी आणायचा तेवढं मला आठवडाभरात मिळायचं नाही. तो ते कधी बोलून दाखवायचा नाही. चवथीला मला साडी घ्यायचा आणि म्हणायचा, "बाय, तुझ्या आम्लांनी भोकं पाडलेली नको नेसूस."

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मधे दोन-तीन वर्षं थोडी धुगधुगी आली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सगळे पट्टे पुन्हा बंद. पहिल्या बंदीनंतरच्या पावसाळ्यात मी माहेरी गेले होते. टिपर अंगणाच्या कडेला उभा होता, चाकांवर शेवाळ चढलेलं, हौद्यात गवत. दादा सोप्यावर बसून त्याच्याकडे बघत होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, हाती बारावीचं सर्टिफिकेट. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "बाबांनी तुला शिकवायला हवं होतं." तो रागावेल असं वाटलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "माझ्या दिवसाला भाव होता बाय, म्हणून मला गाडीवर बसवलं. तुझा दिवस फुकटचा. म्हणून तुला तो पुस्तकांत घालवायला मिळाला."

मी काही बोलले नाही. रागच आला होता. मार्क माझे, रात्री जागले मी, आणि हा म्हणतो फुकटचा दिवस! मग कॉलेज सुरू झालं, मी हजेरीपट उघडला, बेचाळीस की किती ती नावं घेतली, आणि दादाचं वाक्य त्या पानावर जाऊन बसलं ते अजून उठलेलं नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या घरात अठरा वर्षांच्या मुलग्याच्या दिवसाला भाव आहे: ऑक्टोबर ते मे भाड्याच्या दुचाक्या, टॅक्सी, शॅक. सासष्टीत तो पिढ्यान् पिढ्या आहे, बोटीवर. खाणपट्ट्यात ट्रकवर होता. कुठे नाहीच म्हटलं तर इंजिनिअर होऊन चार वर्षांनी वसूल होईल असा वायदा तरी आहे. त्याला साधं बी.एस्सी. करायला पाठवणं म्हणजे भाव आलेला माल घरात ठेवून देणं. मुलीच्या दिवसाला बाजारात कोणी भाव विचारत नाही, मग ती तीन वर्षं प्रयोगशाळेत थेंब मोजत टायट्रेशन करत बसली तर नुकसान कोणाचं? पाहुणे ज्याला विजय म्हणतात त्यातला बराचसा भाग रिकामी जागा मिळाली म्हणून आम्ही बसलो, असा आहे.

मात्र हिशेबाची दुरुस्ती आईने केली. दादाचं वाक्य मी तिला पुढे कधीतरी सांगितलं, हसत हसत, तेव्हा ती नारळ किसत होती. वर न बघता म्हणाली, "फुकटचा कसला गो? विहिरीचं पाणी कोण शेंदायचं पाच वाजता? बाबांची आणि त्याची भाकरी भाजून मग तू बस पकडायचीस. ते कोणी लिहून ठेवलं नाही, एवढंच." कॉलेजात मी नेहमी पहिल्या तासाला धापा टाकत पोचायचे. त्याला मी इतकी वर्षं बसची गर्दी समजत होते.

फुकटच्या दिवसाला पुढे एकदम भाव येतो, ही यातली खरी गंमत. तो येतो साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी. एम.एस्सी. झालेली मुलगी स्टाफरूमच्या दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी राहते तेव्हा निकालाचे पेढे आहेत की साखरपुड्याचे, हे मला तिच्या खांद्यांवरून ओळखता येतं. आमच्याकडे मुली अठराच्या झाल्या की 'लाडली लक्ष्मी'चा फॉर्म भरायला अर्ध्या दिवसाची सुट्टी मागतात. २०१२ साली सुरू झालेली सरकारी योजना, एक लाख रुपये, लग्नाचा भार हलका व्हावा म्हणून. घ्यावेत, का घेऊ नयेत? माझ्याच सहीने बोनाफाइड जातं. पण पहिल्या वर्षाच्या मुलीच्या नावावर पहिला मोठा पैसा येतो तो लग्नाच्या खात्यातला, हे सही करताना दर वेळी दिसतं.

ज्या नोकरी धरतात त्यांतल्या बऱ्याच वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत जातात, क्वालिटी कंट्रोलला. लॅब तीन पाळ्यांत चालते आणि १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढाच वेळ देणारं होतं. राज्य सरकारांना त्यात थोडं इकडेतिकडे करता यायचं, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाहीच. संरक्षणासाठीच होतं ते. पण रात्रीची पाळी ज्याला लावता यायची तो माणूस कंपनीला जास्त सोयीचा, आणि पुढे सुपरवायझर तोच व्हायचा. माझ्या शेवटच्या बाकावरचा एक, जेमतेम सेकंड क्लास, आज तिथे तीन फर्स्टक्लासवाल्यांचा साहेब आहे. मुलगा चांगला आहे. चतुर्थीला फोन करतो.

आणि संशोधन? देशात प्रत्यक्ष संशोधनात असणाऱ्यांत बायका १६.६ टक्के, हा २०१८ चा सरकारी आकडा. विज्ञानाच्या वर्गात निम्म्याहून जास्त, प्रयोगशाळेत सहांत एक. मधल्या वाटेवर सांडलेल्या बायकांना परत आणण्यासाठी केंद्र सरकारने २००२-०३ पासून वेगळी योजना चालवली, त्यावरून सांडणं किती असेल ते समजावं. माझी स्वतःची पीएच.डी. नऊ वर्षं चालली. त्या नऊ वर्षांत एक बाळंतपण, एक सासऱ्यांचं आजारपण, आणि एक गाईड निवृत्त झाले. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं नाही.

सात मुलग्यांबद्दल मात्र सांगायचं आहे, कारण त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. त्यांतला एक मोरजीकडचा. सीझनमध्ये रात्री अकरापर्यंत काकाच्या दुचाक्या भाड्याने देतो आणि सकाळी साडेआठच्या प्रॅक्टिकलला डोळे लाल घेऊन येतो. त्याचा हात असा आहे, की पंचवीस वर्षांत मी दोन-तीनच पाहिले. टायट्रेशनमध्ये शेवटचा अर्धा थेंब ब्युरेटच्या, म्हणजे मापाच्या काचनळीच्या, टोकाशी धरायचा, फ्लास्कच्या काचेला टेकवायचा आणि धुऊन आत घ्यायचा, हे शिकवून येत नाही. त्याचं फिनॉल्फथॅलिन, म्हणजे रंग दाखवणारं द्रव्य, नेहमी तेवढंच फिकं गुलाबी थांबतं, शेजारच्यांचं राणी कलर होतं. मी त्याला म्हटलं, तू एम.एस्सी. कर. तो ओशाळला. म्हणाला, "मिस, लग्नाकार्याला गेलो की मामा सगळ्यांसमोर विचारतो, इंजिनिअरिंगला लागला नाही का रे? माझ्या चुलत बहिणीने पण हेच घेतलंय. तिला सगळे हुशार म्हणतात."

एकच डिग्री, एकच पुस्तक, एकच घर. तिच्यासाठी ती वर चढलेली पायरी, याच्यासाठी घसरलेली. त्याने इंजिनिअरिंगचा फॉर्मच भरला नव्हता. त्याला रसायनशास्त्र आवडतं. हे मामाला सांगण्याची त्याला लाज वाटते, म्हणून नंबर लागला नाही असंच सांगतो.

आता दादाची मुलगी. ट्रक भंगारात गेला, दादाने गावात सिमेंट-सळईचं छोटं दुकान टाकलं, आणि पोरीने बारावीनंतर जिऑलॉजी घेणार म्हणून सांगितलं. घरात शांतता पसरली. जिऑलॉजी म्हणजे डोंगर, हातोडा, बाहेरगावची फील्ड. शिवाय आमच्या घरात त्या विषयाला वास होता खाणींचा. माझ्या वेळी जिऑलॉजी मुलग्यांचा विषय मानला जायचा आणि त्याला कारण होतं: नोकरी खाणीवर, आणि १९५२ च्या खाण कायद्याचं कलम ४६ सांगायचं, बाईला जमिनीखाली काम नाही, जमिनीवर सकाळी सहा ते संध्याकाळी सातच. गंमत अशी, की १९८३ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाची तिसरी भारतीय मोहीम गोव्यातूनच निघाली आणि तिच्यात पहिल्यांदाच दोन बायका होत्या. एक अदिती पंत, आपल्या दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या. दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता, त्या भूशास्त्रज्ञ. म्हणजे भूशास्त्रज्ञ बाई गोव्याहून अंटार्क्टिकाच्या बर्फात जाऊ शकत होती, डिचोलीच्या खाणीत सातनंतर थांबू शकत नव्हती.

मी दादाला हे सगळं सांगायला तयारी करून गेले होते. त्याने माझं भाषण होऊच दिलं नाही. पोरीला विचारलं, "वर्गात मुली किती?"

"अठरातल्या चौदा."

"मग जा."

मला हसावं की रडावं कळेना. तीस वर्षांपूर्वी वहिनींना विचारलेला प्रश्न जसाच्या तसा. ज्या वर्गात मुली जास्त तिथे मुलीला पाठवायचं, म्हणून तिथे पुढच्या वर्षी आणखी मुली. जिथे कमी तिथे कोणी पाठवत नाही, म्हणून तिथे आणखी कमी. पन्हळीचं पाणी एकाच कोपऱ्यात पडून खळगा होतो तसं. पण त्या खळग्यातूनच आमची पोर बाहेर पडली, हेही खरं.

गेल्या मार्चमध्ये ती कर्नाटकातल्या सात दिवसांच्या फील्डवरून परतली. मी तिथेच होते. बॅग अर्धी दगडांनी भरलेली, नाकाची सालं निघालेली. एक दगड मात्र तिने जाताना इथलाच, गावच्या टेकडीमागून उचलून नेला होता, ताडून बघायला. तो तिने दादाच्या हातात दिला. काळसर-तांबडे आणि पांढुरके पट्टे, एकाआड एक.

"हे होय?" दादा म्हणाला. "हे आम्ही डंपवर टाकून द्यायचो."

"बँडेड हेमॅटाइट क्वार्टझाइट. अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचं. आणि हा ज्या थरात सापडतो ना बाबा, त्याचं पुस्तकातलं नाव डिचोली फॉर्मेशन आहे."

"आमच्या डिचोलीचं?"

"आमच्याच."

त्याने दगड उलटासुलटा केला, हातात तोलून पाहिला. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षं तो टनांच्या हिशेबात वाहिला, तो बहुधा पहिल्यांदाच एक तुकडा हातात धरून बघत होता. मग म्हणाला, "खाणी परत सुरू होतायत. २०२२ ला पहिला लिलाव झाला तोही इथल्याच पट्ट्याचा. तू काय खाणीवर नोकरी करणार?"

"बघू. मिळाली तर."

"रात्रीची पाळी असते तिथे. मुलींना लावतात?"

"२०१९ पासून लावता येते."

"एकटीच असशील?"

"नाही. एका पाळीला निदान तीन बायका हव्यात, असा नियम आहे. आणि लेखी संमती लागते."

"कोणाची?"

ती बूट काढत होती. एका बुटाची नाडी चिखलाने घट्ट बसली होती, ती सोडवता सोडवता म्हणाली, "माझी."